समीकरणापासून रेषेपर्यंत: दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आढावा

ज्या समीकरणात दोन अज्ञात राशी असतात, त्या केवळ पहिल्या घातात येतात आणि त्यांचा एकमेकींशी गुणाकार झालेला नसतो, त्याला दोन चलांतील रेषीय समीकरण म्हणतात. त्याचे सामान्य रूप अ·क्ष + ब·य + क = ० असे लिहितात; यात क्ष आणि य ही चले, अ आणि ब हे त्यांचे सहगुणक आणि क हे स्थिरपद असून अ आणि ब एकाच वेळी शून्य नसावेत एवढीच अट असते. महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमात हा विषय नववीत येतो, दहावीच्या ‘गणित भाग १’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण व्यापतो आणि पुढील इयत्तांत गणित, भौतिकशास्त्र व अर्थशास्त्र या सर्वांना पुरतो. तरीही शाळा सोडलेल्या बहुतेकांच्या स्मरणात उरते ती तीन बिंदू काढून पट्टीने जोडण्याची कृती. समीकरण कशावरून लिहिले, त्याचा आलेख सरळच का आला आणि त्या रेषेवरील उरलेले बिंदू काय सांगतात, हे तीन प्रश्न मागे पडतात. या विषयाचा इतिहास, त्यातील तर्क आणि त्याचे अध्यापन यांचा विचार या तीन प्रश्नांना धरूनच करणे योग्य ठरते.

दोन अज्ञातांची समीकरणे सोडवण्याची परंपरा आलेखापेक्षा कितीतरी जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातील एका उदाहरणात ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची एकत्र किंमत १०७, तर ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची १०१ दिली असून एकेका फळाची किंमत विचारली आहे. आजच्या लेखनात ही समीकरणे ९क्ष + ७य = १०७ आणि ७क्ष + ९य = १०१ अशी होतात. सहगुणकांची अदलाबदल झालेली असल्यामुळे दोन्हींची बेरीज केली की १६(क्ष + य) = २०८, म्हणजे क्ष + य = १३ मिळते, आणि वजाबाकी केली की २(क्ष − य) = ६, म्हणजे क्ष − य = ३ मिळते; त्यावरून महाळुंग ८ आणि कवठ ५ अशा किमती ठरतात. दहावीच्या वर्गात आजही हा प्रकार बेरीज-वजाबाकीच्या याच युक्तीने शिकवला जातो, म्हणजे सुमारे पावणेबारा शतके जुने हे उदाहरण आजच्या प्रश्नपत्रिकेतही सहज खपून जाईल.

समीकरण लिहावे कसे, याची शिस्त भारतीय बीजगणितात फार लवकर आली. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या क्रियांचे नियम दिले, आणि भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ या ग्रंथात ही लेखनपद्धती पूर्णपणे विकसित झालेली दिसते. पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् आणि त्यापुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देऊन त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी अशी लिहीत, ज्ञात संख्येला रूप म्हणत आणि ‘रू’ने दाखवत, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. समीकरणाच्या दोन बाजू, म्हणजे दोन पक्ष, शेजारीशेजारी न लिहिता एकाखाली एक लिहीत. महावीराचार्यांचे पहिले समीकरण या रीतीने मांडले तर वरच्या ओळीत ‘या ९ का ७ रू ०’ आणि खालच्या ओळीत ‘या ० का ० रू १०७’ असे दिसेल. जे पद नाही त्याच्या जागी शून्य लिहिण्याचा हा आग्रह महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे सजातीय पदे एकाच स्तंभात येतात आणि सहगुणकांवर थेट क्रिया करता येते. निश्चयक, म्हणजे सहगुणकांवरून काढलेली एक संख्या, वापरताना आजचा विद्यार्थी पदांचा क्रम सारखा न लावता सहगुणक उचलतो आणि चुकतो; ती चूक या जुन्या मांडणीत होणे अवघड होते.

याच परंपरेने आणखी एक प्रश्न हाताळला. दोन अज्ञात असून समीकरण एकच असेल, तर उकली असंख्य असतात. पण त्यांतील पूर्णांक उकली कोणत्या? आर्यभटाने इ. स. ४९९मध्ये या प्रश्नासाठी जी रीत दिली ती पुढे कुट्टक या नावाने प्रसिद्ध झाली. सहगुणकांना परस्परांनी पुनःपुन्हा भागत जाऊन ते लहान करत आणायचे, हे तिचे सूत्र. उदाहरणार्थ ५क्ष + ७य = १०० या समीकरणाच्या धन पूर्णांक उकली दोनच आहेत, (१३, ५) आणि (६, १०). पहिलीकडून दुसरीकडे जाताना क्ष ७ने घटतो आणि य ५ने वाढतो, म्हणजे सहगुणकांची अदलाबदल झालेली दिसते, आणि हे प्रत्येक वेळी तसेच घडते, कारण ५ गुणिले ७ची घट ७ गुणिले ५च्या वाढीने बरोबर भरून निघते. आलेख कागदावर पाहिले तर ही रेषा उभ्या-आडव्या रेघांच्या नेमक्या छेदनबिंदूंतून ठरावीक अंतराने जाते. कुट्टक ग्रहगणितासाठी घडला, आलेखासाठी नव्हे. पण नववीच्या वर्गात आलेख काढताना सोयीचे पूर्णांक बिंदू शोधणारा विद्यार्थी नकळत त्याच प्रश्नाशी खेळत असतो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

भारतीय ग्रंथांत बीजगणिताच्या काही सिद्धतांना भूमितीचा आधार घेतलेला आढळतो. मात्र समीकरणाच्या सर्व उकली एका प्रतलावर बिंदूंच्या रूपाने मांडण्याची कल्पना सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये आकाराला आली. रने देकार्त यांचा ‘ला जिओमेत्री’ हा ग्रंथ १६३७मध्ये प्रसिद्ध झाला आणि प्रतलावरील निर्देशकांना त्यांचे नाव चिकटले. सरळ रेषेच्या बाबतीत मात्र पिएर द फेर्मा यांचे श्रेय अधिक आहे. देकार्तांच्या ग्रंथाच्या आसपासच लिहिलेल्या, पण फेर्मांच्या निधनानंतर १६७९मध्ये छापल्या गेलेल्या निबंधात त्यांनी स्पष्टपणे मांडले की अंतिम समीकरणात दोन अज्ञात राशी असतील तर त्यांतील एकीचे टोक एखादी रेषा, सरळ किंवा वक्र, आखते, आणि समीकरण पहिल्या घाताचे असेल तर ती सरळ असते. देकार्तांना वक्रांमध्ये रस होता आणि सरळ रेषा त्यांना विशेष विवेचनाच्या लायकीची वाटली नाही. तिचा पद्धतशीर अभ्यास नेदरलँड्सचे मुत्सद्दी यान द विट यांनी पुढच्या पिढीत केला. या कोणाच्याही आकृतीत आज शाळेत काढतात तसे चार चरणांचे, परस्परांना लंब असलेल्या दोन अक्षांचे प्रतल नाही. ऋण निर्देशकांचा सर्रास वापर न्यूटनच्या काळापर्यंत रुळला नव्हता. ज्या आकृतीला आज गृहीत धरले जाते ती घडायला दोन-तीन पिढ्या लागल्या. चौदा वर्षांच्या मुलाला ती एका तासिकेत उमजावी ही अपेक्षा म्हणूनच जरा कठोर आहे.

आता मूळ प्रश्न असा की आलेख सरळच का येतो. याचे उत्तर एका परिचित उदाहरणावरून चांगले उलगडते. सेल्सिअस मापावर पाणी ० अंशाला गोठते आणि १०० अंशाला उकळते. फॅरनहाइट मापावर हेच अंश अनुक्रमे ३२ आणि २१२ आहेत. क्ष हे सेल्सिअसमधील आणि य हे फॅरनहाइटमधील तापमान मानले तर (०, ३२) आणि (१००, २१२) या दोन क्रमित जोड्या, म्हणजे ज्यांत पहिली संख्या क्षची व दुसरी यची असा क्रम ठरलेला आहे अशा जोड्या, हाती येतात. क्ष १००ने वाढला की य १८०ने वाढतो, म्हणून क्षच्या प्रत्येक एककामागे यची वाढ ९/५ आहे; आणि क्ष शून्य असताना य ३२ असतो. एवढ्यावरून य = (९/५)क्ष + ३२ हे समीकरण लिहून होते. पडताळ्यासाठी क्षला ३७ ही किंमत दिली की य ९८.६ येतो, म्हणजे निरोगी माणसाच्या शरीराच्या तापमानाचा तापमापीवरील नेहमीचा आकडा. दोन्ही मापे एकच आकडा कुठे दाखवतील हे पाहायचे असेल तर य = क्ष ठेवून सोडवावे; उत्तर −४० येते आणि दोन रेषा तिसऱ्या चरणात एकमेकींना छेदतात.

यातील ९/५ या संख्येला रेषेचा चढ म्हणतात आणि ३२ हा रेषा य-अक्षाला जिथे छेदते त्या बिंदूचा निर्देशक आहे. सामान्यपणे समीकरण य = म·क्ष + ख असे लिहिले की म हा चढ आणि ख हा तो छेद लगेच वाचता येतो. आलेख सरळ येण्याचे कारण या चढाच्या अचलतेत आहे. आलेखावरील कोणतेही दोन बिंदू घेऊन त्यांमधील आडवे आणि उभे अंतर काढले तर एक काटकोन त्रिकोण तयार होतो. उभ्या अंतराचे आडव्या अंतराशी गुणोत्तर सर्वत्र म एवढेच असल्यामुळे असे सर्व त्रिकोण समरूप असतात, त्यांचे संगत कोन समान असतात, आणि म्हणून एका बिंदूपासून दुसऱ्याकडे व त्याच बिंदूपासून तिसऱ्याकडे जाणारी दिशा एकच राहते. समीकरणात क्षचा वर्ग आला असता तर हे गुणोत्तर जागोजागी बदलले असते आणि रेषा वाकली असती. समरूपता हे दहावीच्या ‘गणित भाग २’चे पहिले प्रकरण आहे, आणि रेषीय समीकरणे हे भाग १चे पहिले प्रकरण आहे, दोन्ही पुस्तके एकाच महिन्यात उघडली जातात, पण भाग १मधील आलेख सरळ येण्याचे कारण भाग २मध्ये दडले आहे याचा उल्लेख वर्गात क्वचितच होतो. उभी रेषा हा या रूपाचा एकमेव अपवाद होय. क्ष = ३ या रेषेवर आडवे अंतर शून्यच असल्याने चढ काढताच येत नाही, आणि म्हणूनच अ·क्ष + ब·य + क = ० हे सामान्य रूप टिकवून ठेवावे लागते.

दोन समीकरणे एकत्र घेतली की त्यांना एकसामयिक समीकरणे म्हणतात, आणि त्यांची सामाईक उकल म्हणजे दोन रेषांचा छेदनबिंदू. रेषा छेदल्या तर उकल एकच असते, समांतर असल्या तर उकल नसते, आणि एकावर एक बसल्या तर उकली असंख्य असतात. कोणती शक्यता खरी हे सहगुणकांवरून कळते: अ₁ब₂ − अ₂ब₁ ही संख्या, जिला निश्चयक म्हणतात, शून्य नसेल तर रेषा छेदतात. स्विस गणिती गाब्रिएल क्रेमर यांनी १७५०च्या आपल्या ग्रंथात निश्चयकांच्या भागाकाराने उकल लिहिण्याची जी रीत दिली तीच आपल्या पाठ्यपुस्तकात क्रेमरची पद्धत म्हणून येते. या रीतीचा भूमितीय अर्थही सरळ आहे, तो असा की निश्चयक शून्य होणे म्हणजे दोन्ही रेषांची दिशा एकच असणे. आलेखाने काढलेली उकल मात्र नेहमी भरवशाची नसते, विशेषतः दोन रेषांमधील कोन लहान असताना. य = क्ष आणि य = १.१क्ष − ०.५ या रेषा (५, ५) या बिंदूत छेदतात. पण दुसऱ्या समीकरणातील ०.५च्या जागी ०.६ लिहिले तर छेदनबिंदू थेट (६, ६)वर सरकतो. स्थिरपदातील एक-दशांशाच्या फरकाने उत्तर पूर्ण एककाने हलते, आणि आलेख कागदावर पेन्सिलीच्या जाडीइतकी चूकही तेवढाच गोंधळ करू शकते. म्हणून आलेखाने काढलेले उत्तर दोन्ही समीकरणांत ठेवून तपासणे ही उकलीचीच शेवटची पायरी आहे.

आलेखाचे खरे सामर्थ्य जिथे रोज कामाला लागते असे एक क्षेत्र म्हणजे रेल्वेचे वाहतूक नियंत्रण. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्थानकांची अंतरे घेऊन प्रत्येक गाडी एका तिरप्या रेषेने दाखवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये प्रचारात आली आणि पॅरिस–ल्यों मार्गाच्या तक्त्यामुळे प्रसिद्ध झाली. भारतीय रेल्वेतही नियंत्रण कक्षात गाड्यांचा असा तक्ता ठेवला जातो. कोकण रेल्वेसारख्या मार्गावर त्याचे महत्त्व विशेष आहे, कारण २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण लांबीने सुरू झालेला रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, रोहा–वीर हा टप्पा दुहेरी झाला असला तरी, मुख्यतः एकेरी आहे, आणि समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांचे क्रॉसिंग फक्त स्थानकातच होऊ शकते.

अशा एकेरी मार्गाचा ६० किलोमीटरचा एक टप्पा कल्पावा. एक एक्स्प्रेस सकाळी १० वाजता शून्य किलोमीटरवरून निघते आणि मिनिटाला १ किलोमीटर जाते. समोरच्या टोकाहून मालगाडी १० वाजून १५ मिनिटांनी निघते आणि मिनिटाला अर्धा किलोमीटर येते. क्ष म्हणजे १० नंतरची मिनिटे आणि य म्हणजे पहिल्या टोकापासूनचे किलोमीटर मानले तर एक्स्प्रेसचे समीकरण य = क्ष आणि मालगाडीचे य = ६० − ½(क्ष − १५), म्हणजे य = ६७.५ − ०.५क्ष असे होते. मालगाडीचा चढ ऋण आहे, कारण तिच्या बाबतीत वेळ वाढतो तसे अंतर घटते. दोन्ही रेषा (४५, ४५)मध्ये छेदतात. अर्थात १० वाजून ४५ मिनिटांनी ४५व्या किलोमीटरवर या गाड्या समोरासमोर येतील. तिथे स्थानक नसून स्थानके ४० आणि ४८ किलोमीटरवर असतील, तर कंट्रोलरपुढे दोन पर्याय राहतात. एक्स्प्रेस ४० किलोमीटरवरच्या स्थानकात १०.४० ला थांबवली तर मालगाडी तिथे १०.५५ ला पोचते आणि प्रवाशांची १५ मिनिटे जातात. मालगाडी ४८ किलोमीटरवर १०.३९ ला लूप लाइनवर घेतली तर एक्स्प्रेस १०.४८ ला न थांबता पुढे निघते आणि मालगाडीची ९ मिनिटे जातात. तक्त्यावर ही प्रतीक्षा य = ४८ या रेषेच्या एका लहान आडव्या तुकड्याने दिसते. आर्यभटाने ‘गणितपादा’त समोरासमोर येणाऱ्या दोन गतिमान वस्तूंच्या भेटीचा काळ काढण्यासाठी अंतराला गतींच्या बेरजेने भागायला सांगितले आहे. १०.१५ ला या दोन गाड्यांत ४५ किलोमीटर अंतर उरते, गतींची बेरीज मिनिटाला दीड किलोमीटर आहे, म्हणून भेट ३० मिनिटांनी, आणि उत्तर तेच १०.४५ येते. भेटीची वेळ सूत्रानेही मिळते, पण कोणती गाडी कुठे थांबवावी हा निर्णय घ्यायला दोन्ही रेषा आणि स्थानकांची उंची एकत्र दिसणे गरजेचे असते.

रेषेवरील सर्वच बिंदूंना व्यवहारात अर्थ असतो असे मात्र नाही. गाडीच्या रेषेवर प्रत्येक बिंदू खरा असतो, कारण वेळ आणि अंतर अखंड बदलतात; पाच रुपयांच्या आणि सात रुपयांच्या वह्या मिळून शंभर रुपयांच्या घ्यायच्या असतील तर वर आलेल्या ५क्ष + ७य = १०० या रेषेवरील मोजकेच बिंदू उपयोगाचे असतात. रेषा पूर्ण आखायची की सुटे बिंदू ठेवायचे हे समीकरण सांगत नाही, ते प्रसंगावरून ठरवावे लागते.

इथे लेखनाचा प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि अध्यापनातील सर्वांत कमकुवत दुवा तोच आहे. शाब्दिक उदाहरण वाचून समीकरण लिहिताना अक्षर हे वस्तूचे नाव नसून संख्येचे चिन्ह आहे, हे विद्यार्थ्याच्या लक्षात राहत नाही. ‘शाळेत विद्यार्थी शिक्षकांच्या तीसपट आहेत’ हे वाक्य अनेकजण ३०वि = शि असे लिहितात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे तीस विद्यार्थी आणि एक शिक्षक असतो; वि म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या हे आधी पूर्ण वाक्यात लिहून घेतले असते तर वि = ३०शि हेच सुचले असते. अज्ञाताची निवड कौशल्याने केली तर काम किती हलके होते याचा नमुना भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात आहे. पहिला माणूस दुसऱ्याला म्हणतो की तू मला १०० दिलेस तर मी तुझ्या दुप्पट धनवान होईन, आणि दुसरा म्हणतो की तू मला १० दिलेस तर मी तुझ्या सहापट होईन. दोन अज्ञात घेऊन क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०) असे लिहिता येते. भास्कराचार्य मात्र पहिल्याचे धन २या − १०० आणि दुसऱ्याचे या + १०० असे मानतात, ज्यामुळे पहिली अट लिहितानाच पूर्ण होते आणि दुसऱ्या अटीवरून या ७० ठरून उत्तरे ४० आणि १७० येतात. अशी उदाहरणे दोन्ही रीतींनी करून घेतली तर समीकरण लिहिणे ही ठरावीक साच्यात आकडे भरण्याची गोष्ट राहणार नाही.

पुढच्या अभ्यासात हीच रेषा अनेक दिशांना जाते. समान चिन्हाच्या जागी असमानतेचे चिन्ह ठेवले की ती प्रतलाचे दोन भाग करते आणि बारावीतील रेषीय नियोजनाला आधार मिळतो; निरीक्षणांतून आलेले बिंदू एका रेषेवर बसत नसतील तर त्यांच्या जवळात जवळ जाणारी रेषा शोधण्याची लघुतम वर्गांची रीत लेजांद्र यांनी १८०५मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजचे बरेचसे सांख्यिकी विश्लेषण तिथून सुरू होते.

या सगळ्याच्या तुलनेत शालेय मांडणी तोकडी वाटते याचे मुख्य कारण तिची फाळणी आहे. समीकरण आणि त्याचा आलेख बीजगणिताच्या पुस्तकात, चढ ‘गणित भाग २’मधील निर्देशक भूमितीच्या प्रकरणात, आणि दोघांना जोडणारे य = म·क्ष + ख हे रूप त्याही पुढच्या इयत्तेत, अशी विभागणी झाल्यामुळे दहावीचा विद्यार्थी चढ जाणतो, आलेख काढतो, पण समीकरण पाहून रेषा चढती की उतरती हे सांगू शकत नाही. चाळीस-चाळीस गुणांच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका ही भिंत आणखी पक्की करतात. चढाची कल्पना नववीतच, पहिला आलेख काढतानाच दिली पाहिजे, आणि परीक्षेत तयार आलेख देऊन त्यावरून समीकरण लिहायला सांगणारे प्रश्न आले पाहिजेत. अभ्यासक्रम बदलेपर्यंत शिक्षकांना एक गोष्ट आजच करता येईल: तीन बिंदूंनी रेषा आखून झाली की विद्यार्थ्याला त्या रेषेवरचा, त्याने स्वतः न काढलेला, चौथा बिंदू निवडायला सांगावा आणि त्याचे निर्देशक समीकरणात ठेवून पाहायला लावावे, त्यानंतर रेषेबाहेरचा एक बिंदू घेऊन तेच करवून घ्यावे. या दोन पडताळ्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत.